सामू

नववीत सरांनी फळ्यावर लिहिलं,
पीएचला मराठीत म्हणायचं 'सामू'.
मागच्या बाकावरचा सामू फळदेसाई
लिटमससारखा लाल झाला होता.

आता बांबोळीला, तिसऱ्या मजल्यावर,
दिवसभर मी त्याचंच नाव घेते.
उंदराच्या मूत्रपिंडाचे काप, पापडाहून पातळ,
तीन बश्यांत.
औषध एकच, जेंटामायसिन. मात्रा एकच.
पाणी तेवढं वेगळं:
सात पूर्णांक चार, सहा पूर्णांक आठ, सहा.

सहाच्या बशीतल्या पेशी आधी मरतात.

डॉक्टर इश्मेनिया फुर्ताद चष्मा कपाळावर चढवतात.
आंबटात हे औषध जास्तीचे प्रोटॉन अंगाखांद्यावर घेतं,
धन होऊन बसतं,
आणि नलिकेतल्या पेशीची झालर ऋण.
"ओढ गो ती, दुसरं काय?"
मग पेशी त्याला आत घेते,
पोटातल्या चिमुकल्या आंबट पिशव्यांत ठेवते
आणि ठेवतच जाते.
मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली अशी पिशवी दिसते
मधोमध चिरलेल्या कांद्यासारखी,
वलयात वलय, वलयात वलय.
जंतूंपुढे मात्र आंबटात ते नांगी टाकतं.
बाहेर शेळी, घरात वाघ.

दोन वर्षांमागे खाणीवरच्या पट्ट्याची तार
आबांच्या टाचेत घुसली.
रिवणहून केप्याला, केप्याहून मडगावला.
ताप, ओकाऱ्या, पाण्याचा घोट टिकेना,
आणि दहा दिवस सुया.
पाय वाचला.
त्या कागदांत एक ओळ आहे, घाईच्या अक्षरात:
लघवी, सामू पाच.
कोणी वाचली नाही. मीही नाही,
मी तेव्हा साखर तपासायच्या खिडकीवर होते.

तो कागद एकदा डॉक्टरांसमोर ठेवला.
त्यांनी चष्मा नाकावर आणला, पुन्हा कपाळावर नेला.
"उंदीर तो उंदीर, सुलक्षा.
सोडा दिला असता तर वाचली असती,
असं मी लिहून देणार नाही."
खरंच आहे.
'असता' कुठल्या बशीत घालायचा?

आईचं संशोधन वेगळं.
आंबटानंच खाल्लं यांना, ती म्हणते.
दोन मोसम झाले, भिंडाची फळं परसात पडून
लाल चिखल होतोय, ती सोलं वाळत घालत नाही.
हुमणात आंबट नाही.
आबा विचारतात, "मासा नुसता पाण्यात पोहायला सोडलास का?"
ती उत्तर देत नाही, भात वाढते.

तिला सांगता येईल:
ताटातलं आंबट वेगळं, पोटातलं वेगळं,
रक्त आपला तोल आपण राखतं,
एक सोल काही नलिकेपर्यंत चालत जात नाही.
मी तोंड उघडते.
पण तिनं एकही उंदीर न चिरता
तोच शब्द उच्चारलाय, चुकीच्या भांड्यासाठी.
मी चमचा उचलून
मीठ नसलेलं हुमण भातावर घेते.

मंगळवार, शुक्रवार यंत्रावर.
रविवारी आबा सोप्यावर बसतात,
बरा झालेला पाय खुर्चीवर,
हाताची फुगलेली शीर मांडीवर, झोपलेल्या मांजरासारखी.
औषध जाता जाता कानातही शिरलं होतं,
तिथले बारीक केस, बारीक सूर
आधी जातात.

"रातकिडे बंद झाले का गो यंदा?"

माडांखाली ते इतके कर्कश ओरडताहेत
की प्रश्न मला ओठांवरून वाचावा लागतो.

"हो," मी मोठ्यानं म्हणते,
"यंदा कमीच आहेत."